पंचनामा

वेंगुर्ल्यात, बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर
जिथे बर्फाचा कारखाना होता
तिथे आता स्टीलच्या टाक्या उभ्या आहेत
आणि टाक्यांसमोर फळीवर सहा इवले ग्लास.
रेश्मा केरकर म्हणते,
'नाईकधुरेकाकानू, पिवन बघा
आणि खरा काय ता लिवा.'
नको वाटेल ते ओतायला पायाशी बादली.

खरं लिहायची सवय आहे मला.
एकतीस वर्षं उत्पादन शुल्क खात्यात
मी खरं तेच लिहिलं:
अंदाजे पस्तीस लिटर, उग्र आंबूस वासाचे रसायन,
पंचांसमक्ष जागीच ओतून नष्ट केले.
रसायन लागतं कसं,
हा रकाना त्या कागदात नव्हता.

पहिला कोकमाचा.
रंग आगळाचा नव्हे,
आगळ सांडल्यावर पुसलेल्या लादीचा.
जीभ आधी दातांमागे लपते,
मग बाहेर येऊन अजून मागते.
मीठ चिमूटभर जास्त.
दहापैकी सात.

फणसाचा मात्र तोंडातून जायलाच तयार नाही,
जेवून हात धुतल्यावरही
ओटीवर बसून राहिलेला पाहुणा.
चार.
'मुंबयची माणसां ह्योच मागतत,' रेश्मा सांगते.
मी चारचे साडेतीन करतो
आणि बादली जवळ ओढतो.

तिरफळ आजवर बांगड्याच्या तिखल्यात भेटायचं.
इथे, असं थंडगार, फेसाखाली दबा धरून,
अपेक्षा नव्हती.
ओठ बधीर, हिरड्यांवर मुंग्यांची रांग.
दोन मिनिटं मला बोलता येत नाही.
तेवढ्यात जेट्टीवरच्या होडीत
डिझेलचे तीन कॅन चढतात,
कुणीतरी कुणाला तरी शिवी देतो, हसतो.
आकडा सुचत नाही.
लिहितो: पुन्हा बोलवा.

नाचणीचा: थंड झालेली आंबील. सहा. वाद नाही.

पाचव्यात तिने सुके सोडे घातलेत.
हे बरोबर नाही, असं मी स्पष्ट नोंदवतो
आणि ग्लास रिकामा करतो.

सहाव्याबद्दल ती काही सांगत नाही.
'ह्येका अजून नाव नाय.'
टाकीच्या काट्याकडे बघत उभी राहते.

मी नाकाशी नेतो.
बोंडू.
बोंडूच्या मागे धूर, धुराच्या मागे
ओल्या खापराचा गार वास,
आणि त्याच्याही मागे
होडावड्याची चिऱ्याची खाण,
एप्रिल, दुपारचे दोन,
माझी नवी कोरी काठी, सात मडकी.
बाबलो केरकर दगडावर बसून होता.
पळाला नाही.
'सायबानू, ओतूचा तर ओता,
पण आधी घोटभर घेवन बघा.
काय ओततास ता तरी तुमकां कळांदे.'
त्याच्या पाठीशी एक पोर,
हनुवटीपर्यंत बोंडूच्या रसाने चिकट.

मी लिहिलं: आरोपीने हुज्जत घातली.
सातवं मडकं फोडताना
उजव्या हाताचं एक बोट भिजलं.
सावंतवाडीपर्यंत जीपमध्ये
मी ते बोट हुंगत गेलो.
चाटलं नाही.
नोकरी नवीन होती.

आता पितो.
घाईने नाही, सावकाशही नाही,
औषध प्यावं तसाही नाही.
आधी गोड, मग तुरट,
घशात खरखर, सालीसकट बोंडू खाल्ल्यासारखी.
आणि अगदी शेवटी, गिळून झाल्यावर,
मातीचं काहीतरी
टाळूला चिकटून राहतं.

लिहितो:
धूर किंचित कमी चालेल. फेस लवकर बसतो.
खापर शेवटपर्यंत टिकतं, ते तसंच ठेवावं.
पस्तीस वर्षं उशीर.
शेवटचे तीन शब्द खोडतो,
अभिप्राय पेयापुरताच असावा म्हणून.
आकड्याची जागा कोरी.

रेश्मा वही उचलते,
उजेडाकडे धरून वाचते, वेळ लावते.
मग पायाने बादली बाजूला सारते
आणि नळ सोडून माझा ग्लास पुन्हा भरते.
'खोडलेला वाचूक येता, काकानू.'